आवाजावर बघितलेल्या मालिका

ओसाका
१७ ऑक्टोबर २०२५, वसुबारस

ती. आईस आणि ती. बाबांना सा. न.

फराळाचा डबा काल पोचला. चकल्यांचा चुरा झालाय, पण चव जाग्यावर आहे. कडबोळी मात्र एकही मोडलेली नाही. कांदा-लसूण चटणीला तू तीन पिशव्या गुंडाळल्या होत्यास, तरी बेसनाच्या लाडवांना वास लागलाच. चटणीच्या वासाचे लाडू खाणारी अख्ख्या ओसाकात मी एकटीच असेन.

परवा फोनवर तू विचारलंस, "तिकडं टीव्हीवर काय बघतीस गं?" मी झोपेत होते, "काही नाही" म्हणून मोकळी झाले. खरं तर इथं सध्या नव्या मालिकांचा सुकाळ आहे. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, असा वर्षातून चारदा नवा माल येतो. आठवड्याला एक भाग, दहा-अकरा आठवडे, की गाशा गुंडाळला. तू म्हणशील, एवढ्यात तर आपल्याकडं साधी हळद पण फिटत नाही.

याला अपवाद सकाळच्या मालिकेचा. एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीवर सकाळी आठ वाजता, रोज पंधरा मिनिटं, सोमवार ते शुक्रवार, सहा महिने. हा रतीब १९६१ पासून चालू आहे. २९ सप्टेंबरला नवी लागली, 'बाकेबाके'. ती आमच्या ओसाकाच्या केंद्राची आहे, म्हणून इथल्या लोकांना जरा जास्तच कौतुक. तुमच्याकडं तेव्हा पहाटेचे साडेचार असतात, आणि मी वृद्धाश्रमाच्या जेवणघरात आज्यांना नाश्ता भरवत असते. टीव्हीचा आवाज इतका मोठा की आपल्या गल्लीत गणपतीला लावतात तसा.

मालिकेत मात्सुए नावाच्या गावातलं सामुराई, म्हणजे जुन्या लढवय्यांचं, घराणं आहे. राजवट बदलली, तलवारी गेल्या, मान गेला, पीळ तेवढा शिल्लक. संस्थान विलीन झाल्यावर आपल्याकडच्या मानकऱ्यांच्या वाड्यांत जे झालं म्हणून आजी सांगायची, तेच. बाप कामधंदा करायला तयार नाही, आणि करतो तेव्हा सशांच्या धंद्यात हात पोळून घेतो. त्या काळी जपानात सशांच्या किमती खरंच आभाळाला भिडल्या होत्या आणि मग कोसळल्या. बाबा, मला कडकनाथ कोंबड्यांची आठवण झाली. आईनं तेव्हा पासबुक लपवलं नसतं तर आपल्यावर पण मालिका निघाली असती.

त्या घरातली पोरगी तोकी. तिला भुताच्या गोष्टींचा नाद. पुढं ती एका परदेशी माणसाशी लग्न करणार आहे, हे पहिल्याच भागात सांगून टाकलंय: अंधारी खोली, मेणबत्ती, आणि ती नवऱ्याला भुताची गोष्ट सांगतीय. हे लपवायची त्यांना गरजच नाही, कारण गोष्ट खऱ्या बाईवर बेतलेली आहे. कोइझुमी सेत्सु तिचं नाव. नवरा लाफ्काडिओ हर्न, १८९० मध्ये मात्सुएला इंग्रजी शिकवायला आला. एक डोळा गेलेला. दोघांची भाषा म्हणजे मोडकंतोडकं जपानी. ती सांगायची, तो ऐकायचा आणि लिहून काढायचा. त्यावर तो जगभर नावाजला. पंधरा भाग झाले तरी साहेब अजून नीटसे आलेले नाहीत, आणि मला त्याची घाई पण नाही. बाप आणि आजोबांचं फुकटचं ऐटीत वागणं बघायला मजा येते.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. या मालिकेत निवेदन करतात एक साप आणि एक बेडूक. घराच्या आसपास कुठंतरी बसून दोघं शेजारणींसारखी टिंगल करतात. आमच्याकडं एक नव्वदीच्या पुढच्या आजी आहेत, नजर जवळजवळ गेलेली. त्या टीव्हीकडं पाठ करून बसतात. साप-बेडूक बोलायला लागले की त्यांचा चमचा हवेत थांबतो, आणि बाकीच्यांच्या आधी त्या हसतात. पहिल्या दिवशी मी त्यांची खुर्ची टीव्हीकडं फिरवायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे, सूप सांडेल."

मग दुपारी त्याच मला भाग समजावून सांगतात. मात्सुएची बोली मला कळत नाही. तिथं 'दानदान' म्हणजे आभार. आपल्याला मालवणी जशी पहिल्यांदा ऐकल्यावर वाटते, तशी. मी पडद्याकडं बघूनही निम्मंच समजते. त्या पाठ करून सगळं. माझ्याबरोबर काम करणारी एक जण म्हणाली, सकाळच्या मालिकेत निवेदन असतं ते यासाठीच. घरची बाई त्या वेळी डबे भरत असते, भांडी घासत असते, तिला बघायला सवड कुठली? रेडिओवरच्या कादंबऱ्यांवरून हा प्रकार टीव्हीवर आला, आणि ऐकून कळावं ही सोय तशीच ठेवली.

हे ऐकलं आणि मला आपलं स्वयंपाकघर दिसलं. 'तुझ्यात जीव रंगला' लागली २०१६ ला, आठवतं? अख्खं कोल्हापूर राणादाच्या मागं वेडं, आपण वसगड्याला वाडा बघायला गेलो, गर्दीत मावशीची चप्पल हरवली. पण पहिला भाग तू पाहिलाच नव्हतास. तू भाकऱ्या थापत होतीस. बाबा हॉलमध्ये समोर बसून विचारायचे, "हा कोण नवीन आला?" आणि तू आतून, परातीवरचा हात न थांबवता, सगळं नातं उलगडून सांगायचीस. बघणारे बाबा, कळायचं तुला. आपल्या मालिकांत तेच वाक्य तीन-तीनदा बोलतात, वर धडाम-धडाम वाजवतात, म्हणून मी किती नावं ठेवायची. आता वाटतं, ते पण ओट्यापाशी उभ्या असलेल्या बाईसाठीच असेल. तरी धडाम जरा कमी वाजवलं तर चालेल.

रविवारी रात्री नऊला टीबीएस वाहिनीवर घोड्यांच्या शर्यतीची एक लागलीय, 'द रॉयल फॅमिली'. पहिला भाग १२ तारखेला झाला. सात्सुमाबुकी नव्हे, त्सुमाबुकी नावाचा नट आहे (माझी जीभ अजून वळत नाही), तो हिशेबनीस असतो आणि घोड्यांच्या एका मालकाच्या नादी लागतो. खऱ्या मैदानावर चित्रण आहे, टापा छातीत वाजतात. बाबा, तुम्ही बैलगाडा शर्यतीला जसं तोंड उघडं ठेवून बघता, तसं बघाल. मला सूटबुटातली बोलणी जरा लांबल्यासारखी वाटली.

मंगळवारची मात्र चुकवत नाही. रात्री दहाला. नावाचा अर्थ, आपल्या भाषेत, 'मग तूच करून बघ की!' ७ ऑक्टोबरला लागली, दोन भाग झाले. कात्सुओ आणि आयुमी, कॉलेजपासूनचे सोबत. ती रोज निगुतीनं रांधते. तो जेवतो, छान म्हणतो आणि वर शेरा मारतो: तसं बघितलं तर सगळे पदार्थ जरा जास्तच तपकिरी दिसतात. मग मोठ्या हॉटेलात अंगठी काढून लग्नाचं विचारतो, आणि ती म्हणते, "नाही जमणार." त्याला कळतच नाही काय चुकलं. घरी येऊन तो तिचा 'चिकुझेनी' करायला घेतो. कोंबडी, कमळाचे कंद, गाजर, मशरूम आणि गोबो नावाचं एक मूळ घालून सोयासॉसमध्ये शिजवतात. दिसायला साधं, पण प्रत्येक जिन्नसाची तयारी वेगळी: हे पाण्यात घाला, ते आधी उकडून घ्या. त्याचं थोबाड बघण्यासारखं होतं. पहिल्या भागात त्याला जरा जास्तच ढ दाखवलाय, पण दुसऱ्यात माणसात येतोय.

बाबा, रागावू नका. आपल्याकडं मटण म्हटलं की खांद्यावर टॉवेल टाकून तुम्ही पातेल्यापाशी उभे, आणि पांढरा रस्सा तुमच्यासारखा गल्लीत कुणाला जमत नाही हे खरंच आहे. पण खोबरं-खसखस वाटलेली आईनं, लसूण सोललेला मी, आणि नंतर ते पातेलं कुणी घासलं हे मालिकेत दाखवलं असतं. शिवाय आमटीला 'आज जरा पातळच झालीय' म्हणणारे तुम्हीच. त्या कात्सुओचा चेहरा बघताना मी तुम्हाला शोधत होते. राग आला असेल तर रविवारी साधा भात-आमटीचा बेत तुमच्याकडं घ्या. वाटण पण तुम्हीच करायचं.

आई, ११ ऑगस्टला लागलेली 'वीण दोघातली ही तुटेना' तू बघतीस ना, साडेसातची? म्हणजे ऐकतीस. माझे तेव्हा रात्रीचे अकरा वाजतात, पाळी सकाळची नसली तर मी जागीच असते. मागच्या वेळी तू फोन टीव्हीसमोर धरून बसलीस आणि मला नुसता काचेवरचा उजेड दिसला. या वेळी तसं करू नको. फोन ओट्यावर मिठाच्या बरणीला टेकवून ठेव आणि तुझं काम चालू दे. कोण आलं, कोण गेलं, तेवढं मध्ये सांग.

तुमची,
बाळी