बाबांना त्या दिवशी घरी नेऊ नका म्हणणाऱ्या सिस्टरांस

आदरणीय सिस्टर,

बाबांच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर सहाव्या दिवशी राउंडवर "आज डिस्चार्ज" असे सांगण्यात आले आणि मी मान डोलावली. आपण अडवले नसते, तर त्याच दुपारी मी त्यांना घरी नेले असते. आपले आभार मानायचे राहून गेले, म्हणून हे पत्र.

आपण कॉटशेजारी येऊन एवढेच विचारलेत, "रात्री दोन वाजता यांना लघवीला जायचे झाले, तर उठवणार कोण?" घरी आम्ही दोघेच; माझ्या मणक्याचे दुखणे जुने आणि वॉर्डात बाबांना खुर्चीत बसवायला दोन मावशी लागत होत्या. हे मला ठाऊक होते, पण वडिलांना घरी न्यायला कां-कूं करणारी मुलगी ठरू, या भीतीने मी गप्प होते.

मग आपण बाबांचा रक्तदाब आधी आडवे असताना मोजलात, त्यांना दोघींच्या आधाराने उभे केलेत, आणि एका व तीन मिनिटांनी पुन्हा मोजलात. वरचा आकडा १३४ वरून १०२ वर आला होता. बाबांनी कॉटची कड इतकी घट्ट धरली होती की बोटांची पेरे पांढरी पडली. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत हा आकडा २० किंवा अधिक उतरत असेल, तर रुग्ण भोवळ येऊन पडू शकतो, हे मला तेव्हा कळले. डॉक्टरांवर माझा राग नाही. राउंडच्या चार मिनिटांत कॉटवर पडलेला रुग्ण बराच दिसतो.

डिस्चार्ज पुढे ढकलण्यासाठी अर्ज कसा लिहावा, हेही आपणच सांगितलेत. "नेणार नाही" असे लिहू नका, कोणते काम जमणार नाही ते लिहा. त्याप्रमाणे मी लिहिले की त्यांना एकटीने उठवणे आणि रात्री शौचालयापर्यंत नेणे मला शक्य नाही, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटात द्यायचे इंजेक्शन मला कोणी शिकवलेले नाही, आणि फिजिओथेरपिस्टने त्यांना एकदाही जिना चढवून पाहिलेला नाही. हे होईपर्यंत डिस्चार्ज पुढे ढकलावा. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला आपण आवर्जून सांगितलेत. "नेऊन तर पाहा, नाही जमले तर परत आणा" असे मला ऐकवले गेले, तेव्हा आपण बजावलेले कामी आले: एकदा पेशंट दाराबाहेर गेला की तीच खाट परत मिळेल याची खात्री नसते, आणि तोवर तो पडलेला असू शकतो.

अर्ज वाचून डॉक्टरांनी रक्तदाबाची एक गोळी थांबवली आणि आणखी पाच दिवस ठेवून घेतले. त्या दिवसांत बाबा वॉकरवर आले, मी आपल्या देखरेखीखाली इंजेक्शन द्यायला शिकले, आणि घरी कमोडची खुर्ची येऊन पोहोचली. निघालो तेव्हा आपली पाळी संपली होती, त्यामुळे भेट झाली नाही.

बाबा आता स्वतः उठतात. आधी कॉटच्या कडेला पाय सोडून बसतात, घड्याळाकडे बघतात आणि मला विचारतात, "सिस्टरांची तीन मिनिटे झाली का गं?"

आपली कृतज्ञ,
खुब्याच्या पेशंटची मुलगी