सूचना : आजीव देणगीदारांच्या नामफलकासाठी नोंदी पडताळण्याबाबत

माजी विद्यार्थी मंडळाच्या सर्व सभासदांस कळविण्यात येते की, ज्यांच्या आजवरच्या देणग्यांची बेरीज कार्यकारिणीने ठरविलेल्या रकमेहून अधिक आहे, त्यांची नावे विद्यापीठाच्या नव्या नामफलकावर कोरण्यात येणार असून, सभासदांनी आपल्या जुन्या पावत्या या महिनाअखेरपर्यंत कार्यालयातील नोंदवहीशी ताडून पाहाव्यात. वर्षानुवर्षे थोडेथोडे देणाऱ्यांचाही मान राखला जावा, म्हणून आयुष्यभराची बेरीज धरलेली आहे.

फलकावर स्वतःचे नाव हवे की कोणाच्या स्मरणार्थ, हे लेखी कळवावे. आईच्या नावाने देणगी देण्याची मुंबईतील परंपरा जुनी आहे. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. १८७८ मध्ये पूर्ण झालेला तो मनोरा त्यांच्या मातोश्रींमुळे राजाबाई टॉवर म्हणून ओळखला जातो. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठाला १९२० मध्ये १५ लाख रुपये देऊ केले आणि त्या विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव मिळाले. आज मात्र ते बहुधा ‘एसएनडीटी’ या आद्याक्षरांनीच घेतले जाते, याची मनापासून खंत वाटते. म्हणूनच आपल्या फलकावर कोणतेही नाव संक्षेपाने न कोरता पूर्ण कोरले जाईल.

ज्यांना नाव जाहीर होऊ द्यायचे नसेल, त्यांनीही तसे कळवावे; त्यांची नोंद केवळ कार्यालयीन वहीत राहील.