ग्रोथ ठीक, पण तपासणीचं काय?

संपादक साहेब,

आपली फार्मा इंडस्ट्री २०३० पर्यंत १३० अब्ज डॉलरची होणार म्हणे, होऊ दे की, पण २०२२ ला आफ्रिकेतल्या गांबियात आणि २०२५ ला मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात लहान मुलं आपल्याकडे बनलेलं कफ सिरप पिऊन दगावली, छिंदवाड्याच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघालं, हे विषारी केमिकल आहे आणि ते लॅबमध्ये टेस्ट केलं तर सापडतं, मग बाटली दुकानात येईपर्यंत कुणीच कसं बघितलं नाही? लायसन्स राज्य देणार, नियम केंद्र करणार, आणि काही झालं की दोघं एकमेकांकडे बोट दाखवणार. सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषध कारखान्यांसाठीचे दर्जाचे नियम, आलं तर छोट्या कंपन्यांना २०२५ अखेरपर्यंत मुदतवाढ दिली होती! छोट्या कंपनीचं औषध काय छोट्या आजारालाच देतात का? आधी ड्रग इन्स्पेक्टरच्या रिकाम्या जागा भरा.

– एक वाचक, नाशिक