शिल्पात झाड घ्या, पण त्याला वाढू द्या

संपादक महोदय,

सुशोभीकरणाच्या लाटेत नवी मुंबईत चौकाचौकांत शिल्पे उभी राहिली. त्यातले भंगारातून घडवलेले काही पक्षी खरोखर देखणे आहेत. खटकते ते जिवंत झाडालाच शिल्पाचा खांब करणे. नेरुळच्या एका चौकात पर्जन्यवृक्षाच्या बुंध्याला लोखंडी पट्टे आवळून पत्र्याचे पक्षी बसवले आहेत. खाली बुंध्याला भिडलेले पेव्हर ब्लॉक. पट्टे आता सालीत रुतू लागलेत.

पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरते. पट्टा रुतला की ती वाट अडते. पाणी मात्र लाकडातून वर चढत राहते, त्यामुळे झाड बराच काळ हिरवेगार दिसते आणि ठेकेदाराची देखभालीची मुदत सुखाने संपते. पुढे उपाशी मुळांचे झाड वादळात आडवे झाले की खापर पावसावर!

जिवंत झाडांचे शिल्प करूच नये असे मुळीच नाही. जर्मनीतल्या कासेल शहरात योसेफ बॉइस या कलावंताने 1982 मध्ये 7000 झाडे लावण्याचे काम सुरू केले. प्रत्येक झाडाशेजारी बेसाल्टचा एक उभा दगड. आधी सगळ्या दगडांचा ढीग भर चौकात टाकला. झाड लागेल तसा तो कमी होणार, म्हणजे काम किती उरले ते गावाला रोज दिसणार. 1986 मध्ये बॉइस वारले, शेवटचे झाड 1987 मध्ये लागले. दगड आहे तेवढाच राहतो, झाड वाढत जाते, आणि शिल्प दरवर्षी बदलते. वेल्समध्ये डेव्हिड नॅश यांनी 1977 मध्ये 22 रोपे गोलाकार लावली आणि वर्षानुवर्षे छाटून, वळवून त्यांचा घुमट केला. दोघांनीही सुरुवात रोपांपासून केली.

बेसाल्ट म्हणजे आपलाच काळा पाषाण. पारसिकचा डोंगर खाणींनी पोखरलाच आहे, निदान तिथले पडीक दगड करंज, बहावा, वडाच्या रोपांशेजारी उभे करता येतील. उद्घाटनाच्या दिवशी फोटोत फारसे काही दिसणार नाही, हीच काय ती अडचण.

1975 च्या राज्याच्या वृक्ष कायद्यात झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही वृक्षतोडीतच मोडते. तेव्हा असे शिल्प मंजूर करण्याआधी आराखडा वृक्ष प्राधिकरणापुढे ठेवावा, सांगाडा जमिनीत स्वतंत्र रोवावा आणि बुंध्याभोवती मीटरभर माती मोकळी ठेवावी. नेरुळचे पट्टे पावसाळ्याआधी कापावेत. मात्र सालीत गडप झालेला भाग ओढून काढू नये, साल सोलली जाईल. हे काम वेल्डरऐवजी उद्यान विभागातल्या जाणकाराच्या देखरेखीखाली व्हावे.

— एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई