सोळा आणे दोष ड्रायव्हरचा

महोदय,

जुन्या संगणकांवर लिनक्स (विंडोजसारखीच एक कार्यप्रणाली) टाकण्याविषयी आपल्या पुरवणीतला लेख वाचला. प्रोसेसर कमजोर असेल तर फाइलसिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवायची पद्धत, ‘हलकी’ घ्या, असं त्यात म्हटलंय. हलकी ओळखायची कशी, ते राहिलं.

आमच्या वाचनालयात अ‍ॅटम प्रोसेसर आणि १ जीबी रॅमचं नेटबुक आहे. जुन्या दिवाळी अंकांची स्कॅन केलेली पानं त्यावर असतात. दर शनिवारी ती बाहेरच्या हार्डडिस्कवर उतरवतो. तेवढा वेळ पुस्तकांच्या देवघेवीची नोंदसुद्धा होईना. लोड (कामासाठी रांगेत असलेल्या प्रोग्रॅमांचा सरासरी आकडा) चारच्या वर. नेटबुकवरची फाइलसिस्टीम ईएक्सटी४ जड पडतेय, असं मी ठरवूनच टाकलं आणि एका रविवारी एक्सएफएस, जेएफएस, बीटीआरएफएस अशा दुसऱ्या तिन्ही टाकून पाहिल्या.

आधी मोजण्यातच फसलो. तीच फाइल दुसऱ्यांदा कॉपी केली की झटकन व्हायची, कारण ती रॅममध्येच होती. वेळ मोजणारी ‘टाइम’ आज्ञा लावली तर कॉपी संपल्याचं दिसे, पण लिहिणं बाकीच. ते कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मागाहून करतं आणि ते कष्ट कॉपीच्या खात्यात पडतच नाहीत. मग दर फेरीआधी कॅशे (रॅममध्ये राहिलेल्या फाइली) रिकामी केली, शेवटी बाकीचं लिहिणं पुरं करून घेणारं ‘सिंक’ दिलं आणि शेजारी दर सेकंदाला आकडे दाखवणारं ‘व्हीएमस्टॅट १’ चालू ठेवलं. त्यातला ‘एसवाय’ रकाना म्हणजे कर्नलने खाल्लेला प्रोसेसर. ‘डब्ल्यूए’ म्हणजे प्रोसेसर मोकळा, डिस्कची वाट बघत बसलेला. लिनक्सचा लोड या ताटकळणाऱ्यांनाही मोजतो, हे मला साठीनंतर कळलं!

ईएक्सटी४, एक्सएफएस, जेएफएस यांच्यात सांगण्यासारखा फरक निघाला नाही. बीटीआरएफएस थोडी जास्त खाते. ती डेटाचा चेकसम, म्हणजे बिघाड ओळखायचा पडताळणीचा आकडा, काढते. शिवाय मी सक्तीचं कॉम्प्रेशन लावलेलं, तेही जेपेगवर, म्हणजे आधीच दाबून लहान केलेल्या चित्रांवर. शुद्ध वेडेपणा.

खरा चोर चालू प्रोग्रॅमांची यादी दाखवणाऱ्या ‘टॉप’मध्ये पहिल्याच ओळीत होता: ‘माउंट.एनटीएफएस’. बाहेरच्या डिस्कवर विंडोजची फाइलसिस्टीम एनटीएफएस होती आणि आमच्याकडचा तिचा ड्रायव्हर (तिच्यावर वाचणारा-लिहिणारा प्रोग्रॅम) कर्नलबाहेर, ‘फ्यूज’ नावाच्या सोयीतून चालतो. प्रत्येक लिहिण्याला कर्नलमधून बाहेर नि पुन्हा आत असा हेलपाटा. कर्नलमधला नवा ड्रायव्हर २०२१ साली ५.१५ या आवृत्तीत आला. आमचं कर्नल त्याआधीचं. शेवटी त्या डिस्कवरच ईएक्सटी४ टाकली. आता शनिवारी कॉपी चालू असतानाही नोंदी होतात. छपाईवाल्याच्या विंडोजवर मात्र ती डिस्क उघडत नाही, त्याला पेनड्राइव्ह द्यावा लागतो.

आपला,
एक निवृत्त लिपिक, वाई