वस्ती ३३२

लूकस, कॅन्सस
ऑक्टोबर, ऐन काढणीत

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही परत विचारलंत, "गाव म्हणजे नेमकं केवढं गं?" मी तोंड उघडायच्या आत आईने फोन ओढून घेतला आणि "रात्री-अपरात्री काही झालं तर कोण आहे तिथं तुला?" असं म्हणून विषय बंद केला. आपण तिघं एकदमच बोलतो आणि कुणालाच काही ऐकू येत नाही, म्हणून आज बैठक मारून लिहितेय. दादाला सांगितलंय, मोठ्या अक्षरात छापून दे.

तर २०२० च्या जनगणनेत लूकसची वस्ती ३३२ भरली. २०१० ला ३९३ होती. म्हातारी माणसं गेली, आणि पोरं शिकायला बाहेर पडली ती तिकडचीच झाली. आपल्याकडे एका लग्नाच्या पंगतीला याहून जास्त पानं उठतात. माझं ऑफिस हेजला, तासाभराच्या अंतरावर, पण माझ्या ज्वारीच्या चाचणीचे प्लॉट या भागातल्या शेतकऱ्यांच्या रानात आहेत, आणि घरभाडं ऐकलंत तर तुम्हाला वाटेल मी खोटं सांगतेय. म्हणून हे गाव.

ही गावं अशी का, ते आधी सांगते. १८६२ च्या कायद्याने सरकारने इथं १६० एकर जमीन जवळजवळ फुकट दिली. अट एकच, पाच वर्षं राहायचं आणि कसायची. (ती जमीन सरकारची कशी झाली, ते वेगळंच. ज्यांच्या नावावरून या राज्याला कॅन्सस म्हणतात त्या कान्सा लोकांना १८७३ मध्ये इथून उठवून ओक्लाहोमाकडे हाकललं.) अख्खा मुलूख पाटीवर आखल्यासारखा एकेक मैलाच्या चौकोनांत मोजलेला आहे. एका चौकोनात ६४० एकर, म्हणजे हिशेबाने चार कुटुंबं. मग रेल्वे आली, आणि घोडागाडीने धान्य घालून संध्याकाळी घरी परतता यावं अशा बेताने रुळाकडेला एकामागून एक गावं वसली. आता त्याच चौकोनांत एकेक घर हजारो एकर करतं. चार चुली होत्या तिथं एक चूल, कधी तीही नाही. मग दुकान कुणी चालवायचं, शाळेत पोरं कुठून यायची? हायस्कूलची मुलं आता शेजारच्या सिल्व्हन ग्रोव्हला जातात.

हायवे सोडून उत्तरेला वळलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दगडी खांब सुरू होतात. बाबा, तुम्हाला हे फार आवडेल. या माळावर झाड नव्हतं, मग कुंपणाला लाकूड आणायचं कुठून? जमिनीखाली वीतभर जाडीचा चुनखडीचा एक थर मैलोन् मैल पसरलाय, जुन्या समुद्राचा गाळ. ताजा काढला की मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. लोकांनी त्यात ओळीने भोकं पाडली, पाचरी ठोकल्या, आणि दगड सरळ रेषेत उकलला. आपले वडार दगड फोडतात तसंच. माणसाच्या उंचीचे पिवळसर खांब, मधोमध तांबूस रेघ, आणि त्यांना काटेरी तार. एकेक खांब दीडशे-दोनशे किलोचा. शंभर वर्षं होऊन गेली तरी बरेचसे जागच्या जागी उभे आहेत.

आता ज्वारी. हो, इथं ज्वारी आहे, आणि अमेरिकेत सगळ्यात जास्त ज्वारी पिकवणारं राज्य हेच. इथं तिला मायलो म्हणतात. पण आपली मालदांडी पाहिलेल्या माणसाला हसू येईल. जेमतेम कंबरेएवढी, लाल दाण्याची, सगळी ताटं एका उंचीची, न्हाव्याने कापल्यासारखी. कारण उघड आहे. आपल्याला कडबा हवा, म्हणून उंच ताट. यांना मशीनने कणीस खुडायचंय, कडब्याशी देणंघेणं नाही, म्हणून मुद्दाम बुटकी केलेली. पाऊस वर्षाला पंचवीसेक इंच, आपल्यापेक्षा थोडाच जास्त. म्हणून तर दोन्हीकडे हेच पीक तगतं.

खातात मात्र गुरं. उरलेली जवळच्या रसेल गावच्या इथेनॉल कारखान्यात किंवा जहाजातून परदेशी. ज्यांच्या शेतात माझ्या चाचणीच्या ओळी आहेत ते गृहस्थ सत्तरी ओलांडलेले, जन्मभर मायलो पिकवलाय आणि तोंडात दाणा घातलेला नाही. मी हुरड्याचं वर्णन केलं. निखारे, कणसं, हातावर चोळणं, लसणाची चटणी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तेव्हा ओलावा किती टक्के असतो?"

कारण त्यांचं सगळं गणित ओलाव्यावर. पहिलं कडक हिव पडलं की झाड मरतं, दाणा सुकतो, आणि मग कंबाईन, म्हणजे काढणी-मळणीचं मशीन, रानात उतरतं. परवा मी त्यांच्या ट्रकमध्ये बसून एलिव्हेटरवर गेले. एलिव्हेटर म्हणजे धान्याची उंच कोठारं, गावातली सगळ्यात मोठी इमारत, कित्येक मैलांवरून आधी तीच दिसते. ट्रक वजनकाट्यावर उभा राहिला. वरून लांब लोखंडी नळी वाकून आली, धान्यात खुपसली, नमुना ओढून घेतला. खिडकीमागच्या बाईंनी तो यंत्रात ओतला, आकडा आला. चौदाच्या आत. आजोबांनी टोपी मागे सरकवली, एवढाच त्यांचा आनंद. मग खालच्या जाळीवर ट्रक रिकामा झाला, तांबडी धूळ उडाली, दोन मिनिटांत खेळ संपला. मी दामाजीपंतांच्या गावची, आमच्याकडे धान्याच्या कोठाराची केवढी मोठी कथा आहे, असं सांगावंसं वाटलं, पण मागे तीन ट्रक हॉर्न न वाजवता वाट बघत होते. इथं हॉर्न वाजवत नाहीत. नुसते थांबतात, त्याचंच जास्त दडपण येतं.

आणि बाबा, आपला चिकटा! तोच मावा, पानाखाली थर, सगळं रान चिकट. २०१३ मध्ये टेक्ससच्या ज्वारीवर फुटला आणि वाऱ्यावर स्वार होऊन वर कॅन्ससपर्यंत आला. त्याला दाद न देणारे वाण शोधणं हेच माझं काम. लहानपणी चिकट्याने हात भरले म्हणून आईचा ओरडा खाल्ला, आता त्याचाच पगार मिळतो.

एवढंच असतं तर लूकसबद्दल लिहायला फार नव्हतं, अशी गावं या माळावर खंडीभर आहेत. इथं एक वल्ली होऊन गेला. सॅम्युएल पेरी डिन्समूर. जन्म १८४३, यादवी युद्धात उत्तरेकडून लढला, मग मास्तरकी, मग शेती. १९०७ साली, चौसष्टाव्या वर्षी, त्याने गावात घर बांधायला घेतलं. ओंडक्यांचं घर हवं, पण लाकूड नाही, म्हणून त्याच चुनखडीचे ओंडके कापले. मग सिमेंट हातात घेतलं आणि डोळे जाईपर्यंत थांबला नाही. म्हणतात ११३ टन सिमेंट वापरलं. घराभोवती चाळीस-चाळीस फुटी सिमेंटची झाडं, आणि झाडांवर आदम, हव्वा, सैतान, देवदूत. नाव ठेवलं गार्डन ऑफ ईडन, आणि तिकीट लावलं.

मला धार्मिक भाग बेताचाच वाटला, खरं सांगते. हव्वेचा चेहरा तर काही केल्या जमलेला नाही. पण मागच्या बाजूला म्हातारा खुलतो. एका ओळीत पान खाणारी अळी, अळीवर टपलेला पक्षी, पक्ष्यामागे कोल्हा, कोल्ह्यामागे कुत्रा, कुत्र्यावर नेम धरलेला आदिवासी, आणि आदिवासीवर बंदूक रोखलेला गोरा सैनिक. तेव्हा या माळावर राहून असं उघड्यावर करून ठेवायला छाती लागते. त्याच्या पुढे कष्टकरी माणूस क्रुसावर चढवलाय. चढवणारे चौघे: वकील, डॉक्टर, धर्मगुरू आणि बँकवाला. बाबा, तुमच्या खात्याचाही माणूस आहे, नाराज होऊ नका. कर्जवसुलीला जाताना तुम्ही काय बोलायचात ते मला आठवतंय.

पहिली बायको वारल्यावर, १९२४ मध्ये, एक्क्याऐंशीव्या वर्षी त्याने वीस वर्षांच्या मुलीशी लग्न केलं आणि दोन मुलंही झाली. आई, तुझा "अगंबाई" मला इथपर्यंत ऐकू आला. अजून आहे. अंगणातच त्याने स्वतःची समाधी बांधून ठेवली, काचेच्या झाकणाची शवपेटी केली, आणि मृत्युपत्रात लिहिलं, घरची माणसं सोडून कुणालाही एका डॉलरच्या खाली माझं दर्शन नाही. १९३२ मध्ये गेला. अजून तिथंच आहे. दाखवणाऱ्या बाईंनी टॉर्चचा झोत टाकला. काचेमागे करडं, सुकलेलं तोंड, दाढीची खूण, कोट. मला भीती नाही वाटली, थोडा संकोच वाटला, कुणाच्या खोलीत न विचारता डोकावल्याचा. घरी येऊन अंघोळ केली, एवढ्यासाठी की तू विचारशील.

ही बाग मधल्या काळात काळवंडली होती. २०११-१२ मध्ये विस्कॉन्सिनच्या कोहलर फाउंडेशनने ती साफ करून दुरुस्त केली. आणि गावाने त्या म्हाताऱ्याचा धागा सोडला नाही. मुख्य रस्त्यावर कलेचं शिक्षण न घेतलेल्या कलावंतांच्या कामाचं संग्रहालय आहे, ग्रासरूट्स आर्ट सेंटर. तिथं थंड पेयांचे डबे उघडायच्या चाव्या ओवून केलेली पूर्ण आकाराची मोटरसायकल आहे. पाहुणे वाढले तेव्हा सार्वजनिक संडास नव्हता, मग २०१२ मध्ये तोही बांधला, तर कमोडच्याच आकाराचा! वर उघडलेलं झाकण, जायच्या वाटेला टॉयलेट पेपरची गुंडाळी, आणि आतबाहेर फुटक्या बशा, खेळणी, आरसे यांची मोझेक. घरोघरच्या लोकांनी आपापलं फुटकंतुटकं आणून दिलं. बाबा, नगरपालिकेच्या संडासाचा फोटो काढायला लोक गाडी थांबवतात, असं गाव मी दुसरं पाहिलेलं नाही.

याने गाव वाचेल का? मला नाही वाटत. लोक येतात, दोन तास हिंडतात, ब्रँट घराण्याने १९२२ मध्ये सुरू केलेल्या दुकानातून सॉसेज घेतात आणि अंधार पडायच्या आत हायवेला लागतात. शाळा परत येत नाही. गाव रिकामं झालं ते कंबाईनमुळे, मोठ्या शेतांमुळे, आणि बुटक्या, मशीनला सोयीच्या वाणांमुळे, म्हणजे माझ्यासारख्यांच्या कामामुळेच. हे मी त्या आजोबांना एकदा बोलून दाखवलं. ते म्हणाले, "हाताने काढायला तू राहणार आहेस का?" यावर काय बोलणार. तुम्हीही गेल्या वर्षी उपटणीला गडी मिळेनात म्हणून किती वैतागला होतात. मालदांडी उपटायचं मशीन निघालं तर पहिली मागणी तुमचीच असेल.

तरी मला हे गाव आवडतं, कारण ते रडत बसत नाही. जे उरलंय त्याची चेष्टा करतं, रंगवतं, वर तिकीट लावतं.

आता आईचा प्रश्न. कोण आहे मला इथं? गाडी समोरून आली की चालवणारा स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो, ओळख असो वा नसो. पहिले काही दिवस मला वाटलं माझी हेडलाइट चालू राहिलीय. आग विझवायला जाणारी माणसं गावातलीच, हातातलं काम टाकून पळणारी. हॉस्पिटल रसेलला, अर्ध्या तासावर. एका सकाळी मी उशिरापर्यंत पडदा उघडला नाही तर समोरच्या आजी काठी टेकत दारात. म्हणजे आई, तुझी जागा भरली गेलीय. उलट अडचण ही की गुपित म्हणून काही राहत नाही. मी दुकानातून दोनदा दही घेतलं की तिसऱ्यांदा कुणीतरी पोट बिघडलंय का विचारतं. चर्चची आमंत्रणं येतात, मी केकपुरती जाते. वावटळीचं म्हणशील तर घराला तळघर आहे, भोंगा वाजला की खाली उतरायचं. शिकागोला मराठी मंडळ आहे हे मला माहीत आहे आई, पण तिथं ज्वारी नाही.

तुम्ही जूनमध्ये या. तेव्हा आपलं रान मोकळं असतं आणि इथं गव्हाची काढणी. ऊन आपल्यासारखंच, स्वेटर नकोत. विचिटाला उतरायचं, मी गाडी घेऊन येते, तिथून अडीच तास. बाबांच्या गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. आणि बाबा, "इथलं वाण तिथं लावून बघ" म्हणून खिशात ज्वारीचं बी टाकून आणायचा विचारही नको, परवान्याशिवाय चालत नाही, आणि पकडलं तर नोकरी माझी जायची. आई, पीठ मात्र आण, पाकीटबंद. लाल मायलोच्या भाकरी करून झाल्या, तव्यावर टाकेपर्यंत तुटतात.

पेरणी उरकली का? वापसा कसा आहे, तेवढं लगेच कळवा.

तुमची,
विद्या