हातचे दोन राखून

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास की सोमवारपासून खोलीतच व्यायाम सुरू करायचा, रोज एक तास, एकही दिवस न चुकवता. तुझा निश्चय ऐकून मला मनापासून आनंद झाला. मात्र ‘रोज एक तास’ हे शब्द काही केल्या डोक्यातून जाईनात, म्हणून सविस्तर लिहायला बसले आहे. बेचाळिसाव्या वर्षी मीही असाच निश्चय केला होता. पहिल्याच दिवशी हट्टाने शंभर बैठका मारल्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी जिन्याच्या वरच्या पायरीवर कठडा धरून उभी राहिले, कारण पायरी उतरण्यासाठी गुडघा वाकवला की मांडीतून कळ जात होती. ते दुखणे चार-पाच दिवसांत ओसरले, पण पुन्हा व्यायामाला हात घालायला मला सहा वर्षे लागली. त्या सहा वर्षांची हळहळ आजही वाटते.

सवय नसलेल्या अंगाला व्यायाम घडला की त्याच दिवशी फारसे दुखत नाही. हे दुखणे 24 ते 72 तासांच्या दरम्यान सर्वाधिक असते. त्यामुळे पहिल्या दिवशी ‘अजून सहज जमेल’ असे वाटले तरी ते खरे धरू नकोस. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून, वीस-पंचवीस मिनिटे, एवढेच ठरव. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही प्रौढांना स्नायू बळकट करणारा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस करायला सांगितला आहे. मध्यम श्रमाचे चालणे, सायकल वगैरे आठवड्याला 150 ते 300 मिनिटे हे त्याशिवाय. तेव्हा मधल्या दिवशी तू खुशाल चालायला जा.

पाच मिनिटे जागच्या जागी चालून, खांदे आणि कंबर फिरवून अंग गरम झाले की खुर्चीपासून सुरुवात कर. न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेव, तिच्यापुढे पाय खांद्यांइतके फाकवून उभा राहा, आणि टाचा जमिनीला टेकलेल्या ठेवून, गुडघे पावलांच्या दिशेने जाऊ देत, मनात तीन मोजत खाली बस. मग हातांचा आधार न घेता उठ. बसताना कान देऊन ऐक. शेवटच्या दोन इंचांत खुर्ची ‘धप्प’ वाजली तर तेवढ्या अंतरात मांड्यांनी भार सोडून दिला असे समज. मला हे एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी दाखवले, आणि खरे सांगते, तो आवाज बंद व्हायला मला तीन आठवडे लागले. दहा वेळा निःशब्द बसता आले, की खुर्ची बाजूला काढून मोकळ्या बैठका घ्यायच्या.

पुश-अपचेही तसेच. पूर्ण पुश-अपमध्ये शरीराच्या वजनाचा जवळजवळ दोन-तृतीयांश भार हातांवर येतो, म्हणून आधी भिंतीवर, मग भक्कम टेबलाच्या कडेवर आणि शेवटी जमिनीवर असा क्रम धर. डोक्यापासून टाचांपर्यंत अंग एका रेषेत हवे. कंबर खचू लागली की तो सेट, म्हणजे न थांबता करायची ती फेरी, तिथेच संपला. ढकलण्याचा व्यायाम सगळे करतात, ओढण्याचा मात्र घरी हमखास राहून जातो, आणि दिवसभर संगणकापुढे वाकून बसणाऱ्या तुझ्या पाठीला नेमकी त्याचीच गरज आहे. पाठीवरच्या पिशवीत पुस्तके भर, एक हात खुर्चीवर टेकून कमरेतून पुढे वाक, पाठ सरळ ठेव आणि पिशवी बरगडीपर्यंत ओढून सावकाश खाली ने. याच्या जोडीला उताणे निजून, गुडघे वाकवून कंबर उचलणे आणि वीस सेकंदांचा प्लँक, म्हणजे पालथे होऊन कोपरांवर आणि पायांच्या बोटांवर अंग सरळ तोलून धरणे, एवढे पुरे.

प्रत्येक व्यायामाचे दोन सेट, प्रत्येकी आठ ते बारा वेळा, मध्ये दीड मिनिट विश्रांती. आता सर्वांत महत्त्वाचे सांगते: प्रत्येक सेट हातचे दोन राखून थांबव. अजून दोनदा नीट जमले असते अशा ठिकाणी थांबायचे. पहिल्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद मुख्यतः मज्जासंस्थेची असते, म्हणजे असलेले स्नायू एकाच वेळी आणि नेमके कामाला लावायला मेंदू शिकत असतो. आणि थकून वेड्यावाकड्या केलेल्या हालचालीतून तो वेडेवाकडेच शिकतो. शिवाय स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा स्नायूंपेक्षा सावकाश बळकट होतात, त्यांना वेळ द्यावा लागतो. आरशात महिनाभर काही फरक दिसला नाही तर खट्टू होऊ नकोस.

व्यायामाच्या लागोपाठच्या दोन दिवशी दोन्ही सेटमध्ये बारा वेळा नीट जमले, की मगच काम थोडे अवघड कर: एक लिटर पाण्याची बाटली पिशवीत टाकलीस की एक किलो वाढले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी जखमी सैनिकांचे पाय याच पद्धतीने, वजन पायरीपायरीने वाढवत, पुन्हा बळकट केले होते.

जोर लावताना श्वास सोड, कोंडून धरू नकोस, कारण कोंडलेल्या श्वासाने रक्तदाब एकदम चढतो. मांड्या आणि दंड दोन दिवस ठणकले तर घाबरू नकोस, पण सांध्यात टोचल्यासारखे झाले तर तो व्यायाम त्या दिवशी बंद. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर सगळेच थांबवून डॉक्टरांकडे जा. यात माझ्यापासून काही लपवू नकोस. आणि झोप कमी करून व्यायामाला वेळ काढू नकोस, स्नायूंची भरपाई झोपेतच चांगली होते.

एक साधी वही कर. माझ्या वहीचे पहिले पान असे आहे: ‘खुर्ची 8, 7. भिंत 10, 8. पिशवी 3 किलो, 8, 8. प्लँक 12 सेकंद. खुर्ची वाजली.’ तू तुझे पहिल्या आठवड्याचे पान मला फोटो काढून पाठव, आणि खुर्ची वाजते की नाही, तेही त्यात लिही.

तुझी,
आई